उजवा हात

सकाळी वेणी घालायला हात वर गेलाच नाही.
खांद्यापाशी अडला,
कुणीतरी आतून धरून ठेवल्यासारखा.
कंगवा डाव्या हातात घेतला,
भांग वाकडा पडला, तसाच ठेवला.

काल रात्री झऱ्याच्या पुढं, माळावरच्या वस्तीवर
मी अडीच तास गुडघ्यांवर होते.
म्हाकूबाईंची खिलार, नाव कवडी,
पहिलंच वेत.
सुदामनं मोबाइलचा उजेड धरलेला.
त्याचा हात थरथरायचा
आणि गाईची सावली पत्र्यावर
गोठ्यापेक्षा मोठी होऊन हलायची.

पाय आले होते. डोकं आलं नव्हतं.
मान मागं, डाव्या बरगडीकडं वळलेली.
पुस्तकात हे अर्ध्या पानात मावतं.
आत अंधार असतो, ऊब असते,
कळ आली की हाड मोडेल इतका दाब.
हातमोजा फाटला, काढून टाकला.
कोपर गेलं, दंड गेला, खांदा टेकला.
बोटांना आधी कान लागला,
मग डोळ्याची खोबण,
मग ओठ.
जिवंत आहे का बघायला
तोंडात बोट घालायचं असतं.
घातलं.

त्यानं चोखलं.

एकदाच. पण चोखलं.
जन्मायच्या आधीच भूक लागलेली.

त्यानंतरचं सगळं मी केलं.
हे स्वतःलाच सांगते आहे, कारण पहाटेपासून
मन वकिलासारखं समोर उभं आहे.
पाय मागं ढकलले,
दोरीचा फास खालच्या जबड्यात बसवला,
निसटला, पुन्हा बसवला, पुन्हा निसटला.
आटपाडीच्या सरांना फोन लावायला
सुदाम पाण्याच्या टाकीवर चढला,
तिथंच तेवढी रेंज.
वरून ओरडून सांगितलं त्यानं :
"सर म्हनत्यात, करताय ते बराबर हाय!"
बरोबरच करत होते.

दीड वाजता मान वळली.
वासरू बाहेर आलं. खोंड.
पांढरं, ओलं, पूर्ण,
खुरांवर अजून तो पिवळा मऊपणा.
नाकात काडी घातली, उलटं धरलं,
छाती चोळली, कानात पाणी ओतलं.
सुदाम म्हणाला, "हाललं जनू."
माझाच हात हलत होता.

कवडी वळली आणि त्याला चाटू लागली.
तिला कुणी काही सांगितलं नाही.

मला वाटलं, आता म्हाकूबाई बोलतील,
शिकाऊ पोरगी धाडली सरकारनं, म्हणतील.
मी मान खाली घालून तयार होते.
शिव्या खाणं सोपं गेलं असतं.
त्या चुलीपाशी गेल्या, पातेलं घेऊन आल्या.
"हात धुवा आदी, डाक्टरीणबाई.
पानी कवाचं तापवून ठिवलंय."
आणि मी पुढं केला तर धुवू देईनात.
खांद्यापासून बोटांपर्यंत त्यांनीच धुतला,
दोनदा साबण लावून, नखांतलंसुद्धा,
भांडं घासावं तसा, खसाखसा.

मग गुळाचा चहा. मला जाईना.
"प्या. माजं बी दोन गेल्यात," म्हणाल्या,
आणि कवडीपुढं वैरण टाकायला उठल्या.
दोन काय, ते विचारायचं राहिलं.

दवाखान्याच्या रजिस्टरात लिहिलं :
गाय ठीक. वासरू मृत.
शेऱ्याच्या रकान्यावर पेन थोडा वेळ टेकलं,
शाईचा एक ठिपका उतरला.
शिपाई म्हणाला, गाय तरी वाचली की, मॅडम.
खरं आहे.
खरं असून आज त्याचा मला उपयोग नाही.
उद्या होईल कदाचित.

पावणेआठला फोन. दिघंचीकडची वाडी.
म्हैस रात्रीपासून अडलीय, एकच पाय दिसतोय.
माझा आवाज विचारतो, कितवं वेत?
माझाच आवाज सांगतो, पाणी तापवायला ठेवा, येते.

खांद्याला मलम चोळते.
उंबऱ्यात बसून नखं कापते,
डाव्या हातानं उजव्या हाताची,
वेडीवाकडी, पार मुळाशी,
तर्जनीचं सगळ्यात शेवटी.